विळ्या-भोपळ्याचे नव्हे, मक्या-भोपळ्याचे सख्य

मराठीत विळ्या-भोपळ्याचे सख्य प्रसिद्ध आहे. लाल भोपळ्याचे मक्याशी मात्र खरोखरच जमते आणि घरामागच्या शंभर चौरस फुटांतही जमते, पण त्याला एक अट आहे. मका आधी पेरावा, भोपळा त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी लावावा, आणि या दोन तारखा कोणत्याही मोहाने जवळ आणू नयेत. पुढे जे लिहिले आहे त्यातील बहुतेक गोष्टी या एका अटीची काळजी घेण्यासाठीच आहेत.

पहिल्या वर्षी ही अट मला ठाऊक नव्हती. इंदुरात पाऊस जूनच्या उत्तरार्धात येतो. तो आला त्याच रविवारी मी सपाट वाफ्यात दोन्ही बिया एकाच दिवशी टोकल्या आणि एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या समाधानात राहिले. जुलैच्या मध्यापर्यंत भोपळ्याची पाने ताटाएवढी झाली, त्यांच्याखाली वीतभर मका पिवळा पडून बसला आणि आमच्या काळ्या मातीत साचलेल्या पाण्याने उरलेसुरले काम केले. जी पाच-सहा रोपे कशीबशी वर आली त्यांच्या कणसांवर दाणे असे तुरळक भरले होते की आजोबांच्या कवळीतले अर्धे दात हरवल्यासारखे दिसावे. आमच्या भाजीवालीने, जी महूकडच्या एका खेड्यातून येते, तो वाफा पाहून एका वाक्यात निदान केले: “भुट्टे को पहले खड़ा तो होने दो, बेल तो अपने आप दौड़ेगी.” त्यानंतर मी तिच्याच हिशेबाने चालते.

ही जोडी मुळात आपल्याकडची नाही. मका आणि भोपळा दोन्ही मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातले. तिथे हजारो वर्षे ते घेवड्यासह एकाच शेतात वाढवले गेले आणि उत्तर अमेरिकेतील इरोक्वाय लोक या तिघांना ‘तीन बहिणी’ म्हणत. आपल्याकडे हे सारे कोलंबसनंतरच्या काळात आले, तरी मालव्याने मका इतका आपलासा केला आहे की इंदूरच्या सराफा बाजारात रात्री उकळत्या दुधात शिजणारा भुट्ट्याचा कीस परदेशी पिकाचा आहे हे कुणाला सांगूनही पटत नाही. या लागवडीतील शहाणपण असे की मका उभा वाढतो आणि भोपळा आडवा पसरतो, त्यामुळे एकाच जागेतला प्रकाश दोन थरांत वापरला जातो. भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकतात, तण दबून राहते आणि पावसाने चार दिवस ओढ दिली तरी ओल टिकते. तिसरी बहीण म्हणून काहींना वाल चढवण्याची हौस असते, परंतु आपला वाल इतका जोमदार असतो की तो मक्याला मिठी मारून खाली पाडतो. हवीच असेल तर बुटकी चवळी वाफ्याच्या कडेने लावावी. तिने हवेतून धरलेल्या नत्राचा बराचसा वाटा ती स्वतःच वापरते, आणि मातीला फायदा होतो तो तिची मुळे व पाला कुजल्यानंतर. तेव्हा चवळी लावली म्हणून मक्याचे खत कमी करू नये.

जागा आणि माती

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा लागते. फ्लॅटच्या बाल्कनीत ही जोडी जमणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. गच्चीवर करायचे असेल तर मोठे, दीड फूट खोल वाफे बांधावे लागतात आणि त्यांचे वजन स्लॅबला पेलते का, हे बांधकामाच्या जाणकाराला विचारावे लागते. पुढचे सर्व माप मी जमिनीवरील दहा फूट लांब, दहा फूट रुंद तुकड्यासाठी देते आहे.

इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे; ते वृत्त उज्जैनच्या थोडे उत्तरेकडून जाते. त्यामुळे जून अखेरीस आणि जुलैच्या आरंभी भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि मक्याची सावली कुणालाच अडवत नाही. ऑगस्टपासून मात्र सूर्य दक्षिणेकडे झुकू लागतो आणि सावली उत्तरेला पडते. म्हणून मका तुकड्याच्या उत्तर भागात आणि भोपळ्याची आळी दक्षिण कडेला ठेवावीत. ही दिशा एकदा चुकली की भोपळा ऐन फळे धरण्याच्या वेळी अंधारात सापडतो.

मालव्याच्या काळ्या मातीचा गुण म्हणजे ती ओल धरते आणि दोषही तोच. वर्षाचा ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस बहुतांशी चार महिन्यांत पडतो आणि काही वेळा दोन दिवसांत इतका पडतो की सपाट वाफ्याचे डबके होते. मक्याची लहान रोपे उभ्या पाण्यात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त तग धरत नाहीत. त्यांची मुळे गुदमरतात आणि पाने खालून पिवळी पडतात. म्हणून मे महिन्यात माती भेगाळलेली असतानाच फूटभर खोल खणून घ्यावी, ढेकळे उन्हात तापू द्यावीत आणि पहिल्या वळवाच्या सरीनंतर ती सहज फुटली की वरंबे, म्हणजे मातीचे लांब उंचवटे, करावेत. वरंब्याची उंची वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर, आणि दोन वरंब्यांच्या मध्यांत दोन फूट अंतर. मधल्या सऱ्यांना उताराच्या दिशेने तोंड काढून ठेवावे. हे तोंड कुठे उघडते तेही पाहावे, कारण एका वर्षी आमचे पाणी सरळ शेजाऱ्यांच्या तुळशीवृंदावनापाशी गेले आणि माझ्या बागायतीवर त्यांच्याकडे बरेच दिवस चर्चा झाली.

खताच्या बाबतीत इंदूरकरांनी बाहेर पाहण्याची गरज नाही. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी कंपोस्टची रीत याच शहरात बसली. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात येथील वनस्पती उद्योग संस्थेत ती विकसित केली. पालापाचोळा, शेण, राख आणि गोमूत्राने भिजलेली माती यांचे थर रचायचे, ओल राखायची आणि ठरावीक अंतराने तीनदा उलथापालथ करायची. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते. घरी शेण मिळत नसेल तर नगर निगमच्या गाडीत जाणारा ओला कचरा आणि वाळलेली पाने यांच्या थरांवर जुने खत किंवा आंबट ताक शिंपडले तरी काम होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये भरलेला खड्डा जूनपर्यंत हाताशी येतो. शंभर चौरस फुटांना असे ४० ते ५० किलो चांगले मुरलेले खत आणि एक किलो निंबोळी पेंड वरंब्यात मिसळावी. कच्चे शेणखत टाकू नये, त्याने हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, येते.

मका: ठोकळ्यात, एकाच दिवशी

मक्याचे परागीभवन वाऱ्याने होते. शेंड्यावरचा तुरा नर, आणि खोडाच्या मध्यावर निघणारे कणीस मादी. कणसाच्या टोकातून बाहेर येणारा प्रत्येक केस एका दाण्याशी जोडलेला असतो. ज्या केसावर पराग पडला नाही त्याचा दाणा भरत नाही, इतका हा हिशेब सरळ आहे. कुंपणाच्या कडेने मक्याची एकच लांब ओळ लावणाऱ्यांना अर्धवट भरलेली कणसे मिळतात, त्याचे कारण हेच. वाऱ्याने पराग भलतीकडेच उडून जातो. म्हणून निदान चार ओळींचा चौकोनी ठोकळा करावा. आपल्या तुकड्यात पूर्व-पश्चिम चार वरंबे, ओळीत रोपांमध्ये एक फूट अंतर, म्हणजे एकूण छत्तीस ते चाळीस झाडे. नुसता मका असता तर २० ते २५ सेंटिमीटरवरही लावता आला असता. येथे थोडे सैल लावायचे ते खाली पसरणाऱ्या वेलाला ऊन मिळावे म्हणून.

जात निवडताना आधी स्वयंपाकघराला विचारावे. कीस करायचा असेल तर देशी मका बरा, कारण त्यातील पिठूळपणामुळे कीस दुधात घट्ट बसतो. स्वीट कॉर्नचा कीस गोडसर आणि पातळ राहतो. मध्य प्रदेशासाठी शिफारस असलेली जवाहर मका २१६ ही जात बियाण्याच्या दुकानांत विचारून पाहावी. मुलांना उकडून खायला स्वीट कॉर्न हवा असेल तर तो लावावा, पण दोन्ही एकाच वेळी शेजारी लावू नयेत. देशी मक्याचा पराग स्वीट कॉर्नच्या कणसावर पडला तर त्याच कणसातले दाणे पिठूळ होतात. पुढच्या पिढीची वाट पाहावी लागत नाही, परिणाम त्याच हंगामात ताटात दिसतो. दोन्ही हवेतच असतील तर पेरणीत किमान पंधरा-वीस दिवसांचे अंतर ठेवावे.

नळाचे पाणी देण्याची सोय असेल तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, नसेल तर पहिला दमदार पाऊस होऊन माती वीतभर भिजल्यावर पेरावे. वरंब्याच्या माथ्यावर चार ते पाच सेंटिमीटर खोल, प्रत्येक ठिकाणी दोन दाणे. दुकानातले बी गुलाबी किंवा निळ्या औषधाने माखलेले असेल तर ते भिजत घालू नये आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. पेरणीनंतरचे आठ दिवस खारींचे असतात. त्या कोंबाच्या मुळाशी असलेला दाणा इतक्या नेमकेपणाने उकरतात की जणू त्यांनीच तो पुरून ठेवला होता. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा चारही बाजूंनी दगडांनी दाबून ठेवला की हा प्रश्न मिटतो.

आठव्या दिवशी नांगे, म्हणजे बी न उगवलेल्या जागा, भरून घ्यावेत. त्यानंतर नवे बी टाकण्यात अर्थ नाही, कारण उशिरा आलेल्या झाडाचे केस बाहेर पडतात तेव्हा बाकीच्यांचे तुरे रिकामे झालेले असतात. याच कारणासाठी ‘थोडे आज, थोडे पंधरा दिवसांनी’ अशी हप्त्याहप्त्याने पेरणी एका छोट्या ठोकळ्यात करू नये. बाराव्या-तेराव्या दिवशी प्रत्येक ठिकाणी एक जोमदार रोप ठेवून दुसरे उपटण्याऐवजी मातीलगत कापावे, म्हणजे शेजाऱ्याची मुळे हलत नाहीत.

मका हा खादाड आहे. नुसत्या कंपोस्टवर तो येतो, पण पावसाने नत्र वाहून गेले की फिकट पडतो. रासायनिक खताला हरकत नसेल तर मक्याच्या साठ चौरस फुटांना संपूर्ण हंगामात सुमारे १२० ग्रॅम युरिया पुरतो. त्याचे तीन समान भाग करून एक पेरणीच्या वेळी, एक झाडे गुडघ्याएवढी झाल्यावर आणि एक तुरा दिसू लागताच, खोडापासून चार बोटे दूर, ओल्या मातीत मिसळावा. हरकत असेल तर दर पंधरा दिवसांनी जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांचे आंबवलेले द्रावण) आणि खोडांना मातीची भर लावताना आणखी एक पाटी कंपोस्ट द्यावे. कोवळ्या पानांवर शिरेच्या दोन्ही बाजूंनी पांढुरके पट्टे दिसले तर ती जस्ताची कमतरता असते. काळ्या मातीत ती नेहमीची आहे, आणि पेरणीपूर्वी चौरस मीटरला अडीच ग्रॅम झिंक सल्फेट मातीत मिसळले तर ती टळते.

भोपळा: मका गुडघ्याएवढा झाल्यावर

मका पेरल्यापासून वीस ते पंचवीस दिवसांनी, झाडे गुडघ्याएवढी झाली की, पहिली खुरपणी करून खोडांना मातीची भर लावावी. पुढे याच भरीत मक्याच्या खालच्या पेरांतून आधारमुळे उतरतात आणि जुलै-ऑगस्टच्या वादळी पावसात झाड आडवे होत नाही. भर लावून झाली की त्याच दिवशी भोपळा लावावा. नंतर वेल पसरल्यावर वाफ्यात पाय ठेवायला जागा उरत नाही, तेव्हा मोठी कामे आधी उरकलेली बरी.

दक्षिण कडेला सहा फुटांच्या अंतरावर दोन आळी पुरेत. तिसरे आळे करण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि प्रत्येकाला त्याचा पश्चात्ताप होतो, कारण लाल भोपळ्याचा एक वेल सहज बारा-पंधरा फूट धावतो. दीड फूट रुंद आणि तितकाच खोल खड्डा घेऊन त्यात माती, पाच किलो कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड भरावी आणि वर घमेल्याएवढा उंचवटा करावा, म्हणजे पाणी बुंध्याशी थांबत नाही. प्रत्येक आळ्यात तीन बिया एक इंच खोल टोकाव्यात आणि दोन खरी पाने आल्यावर एकच रोप ठेवावे.

घरच्या तुकड्याला लहान फळांची जात सोयीची. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का सूर्यमुखी किंवा अर्का चंदन मिळाली तर उत्तम. पहिलीची फळे लहान, चपट-गोल आणि नारिंगी, दुसरीची साधारण दोन-तीन किलोंची. दहा किलोंचे डांगर फोटोला छान दिसते, परंतु चार माणसांच्या घरात ते कापल्यावर आठवडाभर रोज भोपळाच खावा लागतो. बाजारातून आणलेल्या भोपळ्याचे बी लावणे चालते, मात्र फळ आईसारखे निघेलच असे नाही. आणि अशा वेलाचे फळ चाखताना कडू लागले तर ते थुंकून टाकावे व सगळे फेकून द्यावे. हा कडवटपणा शिजवूनही जात नाही आणि तो पोटाला घातक असतो.

वेल चार-पाच पानांचा झाला की त्याला दिशा द्यावी लागते. मी दोन्ही वेलांची मुख्य फांदी मक्याच्या झाडांमधून उत्तरेकडे नेते आणि बगलफुटी दक्षिणेच्या मोकळ्या जागेत सोडते. दर दोन-तीन दिवसांनी शेंडा हलकेच उचलून हव्या त्या बाजूला ठेवावा लागतो. हे काम सकाळी न करता दुपारी करावे, कारण सकाळी पाण्याने भरलेले देठ ठिसूळ असतात आणि दुपारी ते लवचिक होतात. तणावे मक्याला धरू लागले तर ते लगेच सोडवावेत. मका हा भोपळ्याचा मांडव नाही. एक फळ लटकले की झाडासह खाली येते. वेल जिथे पेरापाशी जमिनीला टेकतो तिथे मूठभर माती टाकली की तिथूनही मुळे फुटतात, आणि पुढे बुंधा दुखावला तरी वेल जगतो.

भोपळ्याच्या आळ्यात युरिया टाकू नये. नत्र जास्त झाले की पाने आणि नर फुलेच येत राहतात.

फुलांचे दिवस

पेरणीनंतर साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी मक्याला तुरे येतात आणि दोन-तीन दिवसांत कणसांतून रेशमासारखे केस बाहेर पडतात. हंगामातले सर्वांत नाजूक दिवस हेच. पाऊस आठवडाभर थांबला असेल आणि नळाला नर्मदेचे पाणी दिवसाआडच येत असेल, तरी त्यातला वाटा या दहा दिवसांत मक्याला द्यावाच. दोन इंच खोल बोट घातल्यावर माती कोरडी लागली म्हणजे वेळ झाली. या काळात ओल कमी पडली तर केस उशिरा येतात आणि तोवर पराग संपतो.

इतक्या छोट्या ठोकळ्यात वाऱ्यावर विसंबून न राहता हाताने मदत करावी. सकाळी नऊच्या सुमारास पानांवरचे पाणी सुकले की किराण्याची कागदी पिशवी घेऊन वाफ्यात जावे, तुरा हळूच वाकवून पिशवीत घालावा आणि बोटाने दोनदा टिचकी मारावी. पिशवीच्या तळाशी हळदीच्या चिमटीइतकी पिवळसर भुकटी जमते, सोबत तुऱ्याचे तुसासारखे भाग पडतात ते फुंकू नयेत, बोटाने बाजूला सारावेत. ती भुकटी मऊ ब्रशने प्रत्येक कणसाच्या केसांवर सर्व बाजूंनी लावावी. केस ताजे असतात तेव्हा हाताला किंचित चिकट लागतात. सुकून तपकिरी झालेल्या केसांवर पराग लावण्याचा उपयोग नसतो. कणसाच्या बुडाकडचे केस आधी आणि टोकाकडचे शेवटी बाहेर येतात, त्यामुळे हे तीन दिवस लागोपाठ करावे. एकदाच करणाऱ्यांच्या कणसांची टोके रिकामी राहतात.

भोपळ्याची वेळ याच्याही आधीची. त्याची फुले पहाटे उमलतात आणि नऊ-दहापर्यंत मिटू लागतात. पहिले आठ-दहा दिवस फक्त लांब, बारीक देठांची नर फुले येतात आणि गळतात. ‘आमचा भोपळा फळच धरत नाही’ अशी तक्रार बहुधा या दिवसांतली असते. मादी फुलाच्या खाली सुपारीएवढा छोटा भोपळा आधीपासूनच असतो, तो दिसेपर्यंत धीर धरावा. एरवी हे काम मधमाश्या करतात, पण पावसाच्या झडीत त्या बाहेर पडत नाहीत. अशा वेळी आदल्या संध्याकाळी उमलण्याच्या बेतात असलेल्या मादी कळीवर कागदी टोपी घालावी, म्हणजे आत पाणी भरत नाही; सकाळी आठच्या आत नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, मधला परागदांडा मादी फुलाच्या तीन पाळ्यांच्या मध्यावर हळुवार फिरवावा. उरलेल्या नर फुलांची भजी करावीत. ती एवढी चविष्ट होतात की नर फुले जास्त आल्याचे दुःख राहत नाही. मधमाश्यांसाठी एक पथ्य पाळावे: निंबोळी अर्कासह कोणतीही फवारणी सूर्यास्तानंतरच करावी.

कोण कोण येऊन खाते

मक्याचा मुख्य शत्रू आता अमेरिकन लष्करी अळी हा आहे. ती भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि लवकरच देशभर पसरली. कोवळ्या पानांवर कागदासारख्या पारदर्शक खिडक्या, मग ओळीने भोके आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, लाकडाच्या ओल्या भुशासारखी विष्ठा दिसली की ती आत आहे असे समजावे. तिच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडे चौकोनात चार ठिपके असतात. छत्तीस झाडांसाठी औषधांची गरज नाही. रोज संध्याकाळी पाच मिनिटे पोंगे तपासावेत, अळी चिमट्याने काढून साबणाच्या पाण्यात टाकावी, पानांवरचे अंड्यांचे लोकरी पुंजके चिरडावेत, आणि प्रादुर्भाव वाढू लागला तर नऊ भाग कोरडी वाळू आणि एक भाग चुना यांचे मिश्रण चिमूटभर प्रत्येक पोंग्यात सोडावे. तुरा आल्यावर हा उपाय करता येत नाही, म्हणून पहिले चाळीस दिवस आळस करू नये.

भोपळ्याच्या रोपांवर पहिल्याच आठवड्यात तांबडे भुंगेरे येतात आणि पानांची चाळण करतात. सकाळी ते गारव्याने सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचावेत. पानांवर चाळलेली राख भुरभुरली तरी ते दूर राहतात, मात्र पावसाने राख धुतली गेली की पुन्हा टाकावी लागते. फळमाशीचा त्रास मोठा. ती कोवळ्या फळात अंडी घालते आणि बाहेरून चांगले दिसणारे फळ आतून सडते. फळ लिंबाएवढे झाल्याबरोबर त्यावर जुन्या धोतराच्या किंवा पंचाच्या कापडाची पिशवी बांधावी. गळलेली, किडकी फळे कंपोस्टमध्ये न टाकता पिशवीत बंद करून निगमच्या गाडीत द्यावीत. पाऊस ओसरल्यावर पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते. खालची जुनी पाने काढून हवा खेळती ठेवावी आणि एक भाग दुधात नऊ भाग पाणी मिसळून आठवड्यातून एकदा फवारावे.

पोपटांसाठी एकच इलाज मला सापडला आहे: परागीभवन होऊन केस सुकले की प्रत्येक कणसावर जुना पायमोजा चढवणे. वाफा हास्यास्पद दिसतो.

काढणी

केस बाहेर पडल्यापासून साधारण अठरा ते बावीस दिवसांनी ते पूर्ण तपकिरी होतात आणि कणीस हाताला टोकापर्यंत भरलेले लागते. खात्रीसाठी एका कणसाची पाने वरून दोन इंच सोलून दाण्यात नख रोवावे. पाण्यासारखा रस आला तर तीन-चार दिवस थांबावे, दुधासारखा आला तर त्याच क्षणी काढावे, आणि रस न येता पीठ आले तर ते कणीस भाजण्यापुरतेच उरले. काढल्याबरोबर दाण्यातील साखर पिठात बदलू लागते. म्हणून आधी गॅसवर पाणी ठेवावे आणि मग कणीस तोडायला जावे, हे स्वीट कॉर्नच्या बाबतीत तर अक्षरशः करण्यासारखे आहे.

कणसे संपली की मक्याची ताटे उपटू नयेत. ती जमिनीलगत कापावीत, खोडकिड्याची भोके असलेली वेगळी काढावीत आणि बाकीची फूट-फूट लांबीची कापून वाढत्या भोपळ्यांखाली आडवी पसरावीत, म्हणजे फळ ओल्या मातीला टेकत नाही. उत्तरेची जागा आता मोकळी झाल्याने वेलाला सप्टेंबरचे सगळे ऊन मिळते, आणि तीन आठवडे थांबल्याचा मोबदला तो तेव्हा देतो. पिकलेला भोपळा ऑक्टोबरमध्ये मिळतो: देठ वाळून बुचासारखा होतो आणि सालीत नख रुतत नाही. दोन-तीन इंच देठ ठेवून कापावा, आठ-दहा दिवस हवेशीर सावलीत ठेवावा आणि मग कोरड्या जागी, एकमेकांना न टेकवता ठेवला तर दिवाळीनंतर बरेच महिने घारग्यांसाठी घरात भोपळा असतो.

पिकण्याची वाट न पाहता एक कोवळा भोपळा मात्र मी दरवर्षी आधी काढते. ऋषिपंचमीच्या भाजीत बैलाच्या श्रमाचे काही चालत नाही, आणि कुदळीने खणलेल्या या वाफ्यात ते नसतेच. आमच्याकडे सासूबाई पंचांग पाहून तारीख सांगतात, मी त्यातून ऐंशी दिवस वजा करते आणि त्या दिवशी मका पेरते. पंचमी ऑगस्टअखेर आली तर पेरणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येते, सप्टेंबरच्या मध्याला आली तर जून संपता संपता. तेव्हा भोपळा साठ दिवसांचाही झालेला नसतो, पण हाताच्या ओंजळीत मावेल असे एखादे हिरवे फळ आणि वेलाची कोवळी पाने मिळतातच. कणसांचे दोन-दोन इंचांचे तुकडे, भोपळ्याच्या सालासकट फोडी, चिरलेली पाने आणि शेजारच्या काकूंकडचे अळू एकाच पातेल्यात जाते. गेल्या वर्षी सासूबाईंनी पहिला घास घेऊन एवढेच विचारले की मीठ घालायचे राहिले आहे का. राहिले होते.